खुनी कोणाच्या बाजूचा

आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा तारनाक्याच्या घरी मी तिला रोज संध्याकाळी एक इंग्रजी थ्रिलर मराठीतून सांगत असे. त्यात डोंगरावरच्या मठात एका शास्त्रज्ञाचा विष देऊन खून होतो आणि त्याच्या कपाळावर त्रिकोणात काढलेलं टिंब सापडतं.

"हे देवीचं यंत्र आहे," काळ्या चष्म्याआडून आई म्हणाली.

"काचेचा लोलक आहे तो," बाबा पेपर खाली न ठेवता म्हणाले. त्यांनी जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं होतं.

त्यानंतर मठाधिपतीवर संशय आला की बाबा खूश व्हायचे आणि प्रयोगशाळेवर आला की आई. मी चहा ठेवायला उठले, तर दोघंही म्हणत, "नक्को, आधी प्रकरण संपव."

शेवटी खुनी सापडला. तो मठातला साधू होता आणि खगोलशास्त्रज्ञही होता.

"म्हणजे साधूनंच मारलं," बाबा म्हणाले.

"अहो, पण विष कुणी बनवलं? त्याच्यातल्या शास्त्रज्ञानंच ना?"

"आणि त्रिकोणाचा अर्थ काय?" बाबांनी मला विचारलं.

मी पान पुन्हा वाचलं. त्रिकोणाला काहीच अर्थ नव्हता. पोलिसांची दिशाभूल करायला तो काढला होता.

लेखक लबाड आहे, यावर मात्र दोघांचं लगेच एकमत झालं. दोन दिवस कुणी पुस्तकाचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "दुसरं एखादं आण. पण त्यात खुनी साधा चोर असू दे."

बाबांनीही पेपरमागून "हौ" म्हणत होकार दिला.