रेबेकामावशीचा विसावा

रेबेकामावशीला मी एका शब्दानं मारलं, आणि तेही भर उपासनेत, खणखणीत आवाजात.

नाताळ तोंडावर आलेला. लढाई संपून वर्ष उलटलं होतं, पण रॉकेल आणि साखर अजून रेशनवरच. थंडी मात्र हवी तेवढी. राहुरीच्या अलीकडे मुळेच्या काठाला आमचं गाव, आणि गावाच्या कडेला आमची ख्रिस्ती वस्ती, त्यामुळे नदीवरून निघालेला गारठा आधी आमच्याकडे हजेरी लावतो आणि मग गावात जातो. त्या गारठ्यानं आमच्या पाळकसाहेबांचा घसा बसला आणि रविवारी देवळात सूचना वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी राहुरीला राहून सातवीची फायनल पास झालेला. वस्तीत एवढा शिकलेला आणि एवढा रिकामा दुसरा कुणी नव्हता.

पाळकसाहेबांनी कागदावर लिहून दिलं होतं, 'आपल्या वस्तीच्या रेबेकाबाई, नगरच्या मुलींच्या बोर्डिंगच्या मेट्रन, यांना तीस वर्षांच्या सेवेनंतर विसावा मिळाला आहे. देवाचे आभार मानावेत.' बाई नोकरीतून मोकळ्या झाल्या, एवढाच त्याचा अर्थ. पण वाचता वाचता मला ते वाक्य कोरडं वाटलं. नुसता विसावा तर बैलालाही मिळतो. म्हणून मी पदरचा एक शब्द घातला आणि वाचलं, 'यांना प्रभूमध्ये विसावा मिळाला आहे.'

आता आमच्यात माणूस सहसा मरत नाही. तो प्रभूमध्ये झोपी जातो, नाही तर त्याला प्रभूमध्ये विसावा मिळतो. आमच्या कबरस्तानात दगडांवर हेच कोरलेलं आहे, आणि मला तो शब्द सुचला तोही बहुतेक तिथूनच. पण हे मला मागाहून कळलं. त्या वेळी बायकांच्या बाजूनं एक हुंदका आला, लंकाबाईनं पदर डोळ्यांना लावला, आणि मला वाटलं, काय आपलं वाचन! म्हणून पुढची सूचना मी आणखी भरल्या गळ्यानं वाचली. ती नाताळच्या गाण्यांच्या तालमीची होती.

पाळकसाहेब हात हलवत होते. मला वाटलं, शाबासकी देताहेत. त्यांच्या घशातून नुसता वारा येत होता.

उपासना सुटली आणि वस्ती कामाला लागली. मयत संध्याकाळपर्यंत नगरहून येणार, असं कुणी न सांगताच ठरलं. लंकाबाईचा नवरा कारभारी तसाच स्टेशनाकडे गेला, नगरला बोर्डिंगमध्ये जाऊन मयतासोबत यायला. बन्सीनं दोघांना हाताशी घेतलं आणि कुदळ-फावडं खांद्यावर टाकून तो कबरस्तानाकडे निघाला. बायका घरोघर भाकरी थापायला बसल्या, कारण ज्या घरात मरण होतं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनीच भाकरी न्यायची असते. पाळकसाहेब एकेकाच्या बाहीला धरून काही सांगू बघत होते, पण लोकांना वाटलं, साहेबांना फार दुःख झालंय. लोक त्यांचंच सांत्वन करत होते.

रेबेकामावशीचं घर वस्तीच्या टोकाला, उन्हाळ्यातले दोन दिवस सोडले तर वर्षभर कुलूप लागलेलं. ते झाडून ठेवावं म्हणून लंकाबाई भाकऱ्यांची दुरडी आणि झाडणी घेऊन निघाली, आणि दुःखाच्या प्रसंगी शिकलेलं माणूस असावं म्हणून मी तिच्यामागं. घराजवळ आलो तर छपरातून धूर.

"आत कोन हाय गं बया?" लंकाबाई जागीच थांबली.

आत कुणी नव्हतं. रेबेकामावशी बाहेर अंगणात होती. बाजल्यावर वाकळ पांघरून, भिंतीला पाठ टेकून, उन्हात बसली होती. पायाशी घमेल्यात निखारे. हातात गुळाच्या चहाची वाटी. ती शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं उतरून अंधार पडल्यावर घरी आली होती आणि ते एकट्या पाळकसाहेबांना माहीत होतं. तीस वर्षांत पहिल्यांदाच रविवारी ती उन्हं वर येईपर्यंत झोपली होती, म्हणून देवळात नव्हती.

लंकाबाईनं घरून निघतानाच गळा काढायची तयारी केलेली. तो गळा तसाच अडकला.

"ये लंका," मावशी म्हणाली. "दुरडीत काय हाय?"

"भाकरी," लंकाबाई कशीबशी म्हणाली. "मयताची."

"कोन गेलं गं?"

"तुमी."

मावशीनं चहाचा घोट गिळला. "कवा?"

"आत्ता. उपासनेत. या विल्सननं वाचून दाखवलं."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. फायनलच्या अभ्यासात अशा प्रसंगासाठी काही नव्हतं. मी म्हणालो, "मावशी, शब्दाचा थोडा घोटाळा झाला."

"मयताच्या मानानं थोडाच हाय," मावशी म्हणाली आणि हसायला लागली. एवढी हसली की चहा वाकळीवर सांडला. मग लंकाबाई हसली, मग रडली, मग मला झाडणी दाखवली. तोवर आणखी तीन घरच्या भाकऱ्या आल्या. पिठलं आलं, ठेचा आला. प्रत्येक बाई कोपऱ्यावरून रडत यायची आणि अंगणात येऊन किंचाळायची. मावशीनं एकही दुरडी परत जाऊ दिली नाही.

"आनलीया तर ठेवा की. मेलेल्याला कुठं रोज कुनी भाकरी घालतंय?"

दुपारी बन्सी आला. हाताला फोड, कपाळाला माती. कुणीतरी त्याला सांगितलेलं, तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आला होता.

"मावशी, दोन हात खनलं की वो! काय कडक जमीन!"

"ऊन येतं का रं तिथं?"

"सकाळचं येतं."

"मग जागा बरी हाय. बुजवून ठेव, पन ध्यानात ठेव."

बन्सी माझ्याकडे वळला आणि फावडं माझ्या हातात दिलं. संध्याकाळपर्यंत मी तो खड्डा बुजवत होतो.

या भानगडीमुळे माझं मावशीकडे जाणं-येणं वाढलं. पहिले दोन दिवस माफी म्हणून गेलो, नंतर घमेल्यातल्या निखाऱ्यांसाठी. मावशी बोर्डिंगात तीस वर्षं होती. तरुणपणी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. मिशनच्या मडमसाहेबांनी तिला नेलं आणि तिच्या हातात घंटा दिली. पहाटे अंधारात घंटा वाजवायची, भल्यामोठ्या हंड्याखाली जाळ घालायचा, मुलींना अंघोळी घालायच्या, वेण्या घालायच्या, खरजेला गंधकाचा मलम लावायचा, रांगा लावायच्या. थंडीत काम दुप्पट. उन्हाळ्यात सुट्टी मिळाली की दोन दिवस घरी येऊन भिंती सारवून जायची. हिवाळ्यातलं आपलं घर तिनं नवरी होती तेव्हाच काय ते पाहिलं होतं.

"मला एक हिवाळा घरात बसून काढायचा हाय," ती म्हणायची. "काम न्हाई, धंदा न्हाई. नुसतं बसायचं. एकच. मग फुडं देव काय करील ते करू दे."

आणि खरंच ती नुसती बसायची. सकाळी उन्हाचा पट्टा पश्चिमेच्या भिंतीवर यायचा, तिथं बाजलं. ऊन सरकलं की बाजलं सरकवायचं. दुपारी चौकटीपाशी, उन्हं उतरली की पूर्वेच्या भिंतीला. असं ऊन धरून ती अंगणाला रोज अर्धी फेरी मारायची. दिवेलागणीला आत चुलीपुढं. तव्यावर भाकरी, बाजूच्या वैलावर चहा, चुलीच्या राखेत खुपसलेली एखादी रताळ्याची फोड. कुणी आलं तर बोलायचं, नाही आलं तर निखाऱ्यांकडे बघायचं.

मी एकदा विचारलं, "मावशी, कंटाळा नाही येत?"

"अरे, सवयीनं पहाटं जाग येतीच. उठून बसते. मग ध्यानात येतं की घंटा न्हाई. मग मुद्दाम परत झोपते. त्यात लई सुख हाय, विल्सन. कंटाळा कशाचा?"

बोर्डिंगच्या अंगणात हीच बाई 'मुलींनो, ओळीत उभ्या राहा' असं पुस्तकी बोलायची, हे आता कुणाला खरं वाटलं नसतं. घरी येऊन ती भाषासुद्धा पांघरूण घेऊन बसली होती.

पण माझा शब्द अजून रस्त्यात होता. कारभारीनं त्याच संध्याकाळी तो नगरला पोचवला. बाई शनिवारीच गावी गेलेल्या, तेव्हा तिकडंच काही झालं असं धरून बोर्डिंगमध्ये रडारड झाली. मुली जेवल्या नाहीत, मडमसाहेबांनी विशेष प्रार्थना घेतली, कारभारीला मयताची विचारपूस करून करून भंडावलं. दोन दिवसांनी पाळकसाहेबांचं कार्ड गेलं की बाई ठणठणीत आहेत. मग मुली नाचल्या. आणि मडमसाहेबांनी त्यातून भलताच अर्थ काढला.

एका सकाळी बोर्डिंगचा शिपाई सहादेव स्टेशनावरून चालत मावशीच्या अंगणात आला. थंडीनं नाक लाल, कानाला जुनं फडकं बांधलेलं. मी तिथंच होतो. तो नमस्कार करून बसला, पण मावशीचं लक्ष त्याच्या बगलेतल्या वस्तूवर गेलं. फडक्याची चुंबळ. डोक्यावर ओझं घ्यायची.

"ओझं न्यायला आलास व्हय?"

"तुमची ट्रंक," सहादेव म्हणाला. त्यानं घसा खाकरून पाठ केलेलं सांगितलं. "मडमसाहेब म्हनल्या, देवानं बाईंना आपल्याला परत दिलंय. तर त्यांनी ईस्टरपर्यंत आमच्याकडं यावं. थंडीपुरतं तरी. पोरींना त्यांच्याबिगर चैन पडंना."

तीस वर्षांत मडमसाहेबांना ती एकदाही नाही म्हणाली नव्हती. ती उठली, आत गेली, आणि ट्रंक ओढायचा आवाज आला. मला त्या घमेल्यात तोंड घालावंसं वाटलं. मी तो एक शब्द घातला नसता, तर नगरला कुणाला हिची आठवण एवढ्या जोरात आली नसती.

ट्रंक उंबऱ्यापर्यंत आली. मावशी तिच्यावरच बसली.

"सहादेव, पोरी आजारी हायत का?"

"न्हाई."

"पहाटं उठत्यात?"

"नवी बाई उठवत्या. घंटा तुमच्यापरीस जोरात वाजिवत्या."

"अंघोळीचं पानी?"

"कडक."

"मग अडलंय कुठं?"

सहादेवनं कानाचं फडकं सोडलं, परत बांधलं. "आता खरं सांगू का? मडमसाहेबांना तापाचं कुनैन घावंना. आन लोकरीचे मोजे. आन कोठीची चावी कंची ते कळंना, म्हनून रोज धा चाव्या लावून बगत्यात."

मावशीच्या गालात हसू आलं, पण पूर्ण फुटलं नाही. "आन पोरी? कुनीच आठवन काढत न्हाई?"

"काढत्यात की. बाकीच्या इसरल्या आता, खोटं कशाला बोलू. पन ती धाकटी मरिया रोज इचारती. तिला घर न्हाई ना कुठं."

मावशी बराच वेळ निखाऱ्यांकडे बघत बसली. एक कोंबडी येऊन चुंबळीवर चोच मारून गेली. शेवटी मावशी म्हणाली, "विल्सन, कागद घे. सांगते तेवढंच लिही. पदरचं काही घालशील तर बन्सीला बोलावीन."

मी लिहिलं. कुनैन कुठल्या कपाटात, मोजे कुठल्या पेटीत, कोठीच्या चावीला लाल दोरा आहे. आणि खाली, 'मी हिवाळाभर घरीच आहे. मरियाला नाताळच्या सुट्टीत पाठवावे. इकडे हुरडा आहे.' मावशीनं कागद डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला, मग सही केली.

"मडमसाहेब रागावतील," सहादेव म्हणाला.

"रागावू दे. मोजे घावले की निवतील."

तिनं ट्रंक पायानं आत ढकलली आणि सहादेवला भाकरी वाढली. जेवून तो निघाला तेव्हा उन्हं उतरली होती आणि नदीवरून वारा सुटला होता. मावशीनं त्याच्या कानाच्या फडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या गळ्यात राहुरीच्या बाजारातून घेतलेला करड्या लोकरीचा मफलर होता. वस्तीत असा एकच. तिनं मला न विचारता तो सोडवला आणि सहादेवच्या डोक्याला गुंडाळला.

"मावशी!"

"दोन कोस चालायचंय त्याला. तुला मी नवा विनून देते. नगरला दरसाल पोरींचे विनत होते, तुझ्या मानेला किती लागतंय?"

सहादेव गेला. नाताळच्या सुट्टीत मरिया आली, अंगणात दुसरं बाजलं पडलं, मूठ मूठ हुरडा भाजला गेला, आणि सुट्टी संपल्यावर ती रडत-हसत परत गेली. मडमसाहेबांचं कार्ड आलं, त्यात रागही होता आणि मोजे सापडल्याचे आभारही. मावशीनं लोकर आणली, सुया काढल्या, आणि पहिल्या दिवशी चार बोटं रुंदीची एक पट्टी विणली.

संक्रांत होऊन गेली तरी ती पट्टी तेवढीच आहे. लोकर बाजल्याच्या खुराशी, सुया तिच्यात खुपसलेल्या, आणि मावशी उन्हात डोळे मिटून. मी गार मान घेऊन तिच्या घमेल्याशी बसतो आणि अधूनमधून लोकरीकडे बघून खोकतो.

"खोकू नको," ती डोळे न उघडता म्हणते. "देनं हाय माझ्या ध्यानात. पन थंडी हाय तवर मला बसू दे, आन थंडी सरल्यावर तुला मफलर लागतोय कशाला?"