आरशात न दिसणारी जागा

राजीनाम्यात मी ‘वैयक्तिक कारण’ असं लिहिलं. ते खोटं होतं. खरं कारण मालक होता.

वाळूजच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी चौदा वर्षं काढली. हमाल म्हणून शिरलो आणि गोदामाचा मुख्य झालो. ट्रकवाल्यांशी भाडं ठरवायचं, माल चढवून घ्यायचा, गाड्या मागं घेऊन प्लॅटफॉर्मला लावून घ्यायच्या, ही माझी कामं. भाडं ठरवण्यात तिथं मला तोड नव्हती. म्हणून सगळ्या गाड्या सांभाळणाऱ्या माणसाची जागा रिकामी झाली, तेव्हा ती मलाच मिळणार हे मी धरून चाललो होतो. मालकाने ती मेहुण्याला दिली.

मी जाब विचारायला गेलो, तर मालक चार ड्रायव्हरांसमोर म्हणाला, “तू कधी ट्रकच्या स्टिअरिंगला हात तरी लावलाय का? तोंडानं गाडी चालत नाय.”

मेहुण्यालाही मोटारसायकलपलीकडे काही येत नव्हतं. पण मी हे बोलायच्या आत ड्रायव्हर हसले, आणि तो हशा आजही माझ्या कानातून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी राजीनामा टेबलावर ठेवला आणि सांगितलं की ट्रक शिकायला चाललोय, दिवसभराचा वर्ग आहे. मालकाने कागद न वाचताच ड्रॉवरमध्ये टाकला. चाळिशीत कोण ट्रक शिकतं, असं विचारून म्हणाला, “परत येशील बघ. तुझी जागा मी भरत नाय.”

ती मेहरबानी नव्हती, पैज होती. लायसन मिळालं नसतं, तर मला त्याच दारातून खाली मान घालून आत जावं लागलं असतं. तेवढं टाळण्यासाठी मी काहीही शिकायला तयार होतो.

शाळा म्हणजे पैठण रोडला लागून एक मुरमाचं मैदान, एक जुना सहाचाकी ट्रक आणि शिकवणारा एक म्हातारा. त्याला सगळे उस्ताद म्हणत. आयुष्यभर नागपूर-मुंबई केलेला माणूस. त्याचा एकच नियम होता: गाडी बंद पडली की शिकणाऱ्याने उतरायचं आणि पुढच्याने चढायचं. पहिल्या दिवशी मी गाडी सुरू केली, क्लच सोडला आणि लगेच उतरलो. दिवसभरात असा किती वेळा उतरलो, ते मोजलं नाही.

मग मी माझं जुनं हत्यार काढलं. सकाळी ट्रक धुवायचा सगळ्यांना कंटाळा होता. मी म्हणालो, मी धुतो, तुमची एकेक पाळी मला द्या. आठवड्याभरात मी इतरांच्या दुप्पट वेळ गाडीवर बसू लागलो. तरी गाडी बंद पडायचीच, आणि ती बंद पडली की मी स्टिअरिंगवर बुक्की मारायचो. एकदा उस्तादांनी चावी काढून घेतली.

“मियाँ, सबसे भाव करो, क्लच से मत करो. वो सुनता नहीं.”

तो पूर्ण दिवस त्यांनी मला कडुलिंबाखाली बसवून ठेवलं. मी धुमसत होतो, पण ट्रकच्या उघड्या दारातून दुसऱ्यांचे क्लचवरचे पाय बघत होतो. त्यानंतर गाडी सहसा बंद पडली नाही.

तिसऱ्या आठवड्यात मागं घ्यायचं शिक्षण सुरू झालं. इथं मी छाती पुढे काढली. गाड्या मागं घेण्यात माझी हयात गेली, असं सगळ्यांना ऐकवलं. उस्तादांनी विचारलं, तुम्ही उभे कुठं राहायचात? मी म्हणालो, बरोबर मधोमध, ट्रकच्या मागच्या फाळक्यामागं. तिथून दोन्ही बाजू दिसतात. त्यांनी मला गाडीत बसवलं आणि स्वतः मागं जाऊन नेमके तिथंच उभे राहिले.

मी डाव्या आरशात पाहिलं. उजव्या आरशात पाहिलं. माणूस कुठंच नव्हता. इंजिनच्या आवाजात त्यांचं ओरडणं ऐकू येत होतं, पण ‘या’ म्हणतात की ‘थांबा’, ते कळत नव्हतं. थोड्या वेळाने ते खिडकीशी आले.

“दिखा क्या?”

“नाय.”

“चौदा साल वहीं खड़े थे?”

आधी मला त्यांचा राग आला, मग आरशांचा. मग पाचोडचा एक ड्रायव्हर आठवला. दोन वर्षांपूर्वी गाडी लावताना त्याच्याकडून शटरचा खांब घासला होता. मी मागं मधोमध उभा राहून घसा फोडत होतो. तो खाली उतरून एवढंच म्हणाला होता, “साहेब, तुम्ही दिसलेच नाय.” मी ती सबब धरली, त्याला सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोललो आणि त्याची गाडी कंपनीतून बंद करवली.

चार दिवस मी हे कुणाला सांगितलं नाही. सौद्यात हरलो तरी मी ‘ठरलं’ म्हणतो, ‘चुकलो’ कधी म्हणत नाही. पाचव्या दिवशी त्याला फोन केला आणि म्हणालो, “तुम्ही खरं बोलला होता. मी चुकीच्या जागी उभा होतो.”

 पलीकडे तो हसला. “व्हय का? म्हणजे आज दिसलात.”

मी ट्रक शिकतोय हे ऐकल्यावर मात्र त्याचं हसू थांबलं. तो आता बिडकीनला एका ठेकेदाराकडे गाडी चालवत होता. त्याने मला फोनवरच धडा दिला, “आरशात माणूस दिसंना की गाडी उभी करायची. उतरायचं, मागं जाऊन बघायचं. लाजायचं नाय.” लायसन झालं की बिडकीनला या, असंही म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी माझ्या आधीच्या दोघांनी मागं घेताना मैदानात रोवलेले खांब पाडले. माझी पाळी आली, तेव्हा गर्दीतला कुणीतरी हौशी मागं जाऊन ‘येऊ द्या, येऊ द्या’ ओरडू लागला. आवाज येत होता, माणूस दिसत नव्हता. मी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरलो.

“काका, मागं घ्यायचीय, ढकलायची नाय,” एक जण म्हणाला. सगळे हसले. मी हसू दिलं. डावा खांब फाळक्यापासून वीतभरच होता. मी परत चढलो, गाडी थोडी पुढं घेतली, वळवली आणि दोन खांबांच्या मधून सरळ मागं नेली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, उतरलात कशाला? मी म्हणालो, दिसत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कागदावर ‘उत्तीर्ण’ लिहिलं.

बिडकीनला ठेकेदाराने मला अंगणातली सगळ्यात जुनी गाडी दाखवली. मी तिच्याभोवती एक फेरी मारली. टायर गुळगुळीत, एक आरसा तडकलेला. मी शेजारच्या गाडीकडे बोट केलं. “ही नको. ती.”

“कालचं लायसन अन् नवी गाडी? कोण देतं?”

मी सांगितलं, महिनाभर चालवतो, एक ओरखडा जरी आला तरी जुनी घेईन, तोंडातून शब्द काढणार नाही. तो मान हलवेना. मीही जागचा हलेना. शेवटी पाचोडचा ड्रायव्हर मध्ये पडला.

“देऊन टाका शेठ. ह्यांच्याशी भाव करण्यात म्या वर्षं घालवली. एकदा बी जिंकलो नाय.”

ठेकेदाराने चावी माझ्याकडे फेकली.

पहिली खेप वैजापूरची. मी मालकाला माफ केलं असं कुणी समजू नये. त्याने भर चौकात माझा सत्कार केला, तरी मी करणार नाही. पण त्या सकाळी मला त्याची आठवण काढायला सवड नव्हती. गाडी मालाने भरलेली होती आणि पुढं एक अरुंद पूल होता. समोरून येणाऱ्या एसटीने दिवे मारून वाट मागितली. पुलावर आधी मी चढलो होतो; गाडी मागं घेतली नाही. एसटी थांबली.