अध्यक्षांच्या पत्राला अध्यक्षांची सही

भिवा धुमक यांनी ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. आलेलं पत्र नोंदवहीत चढवायचं, त्यावर क्रमांक टाकायचा आणि उत्तर गेलं की नाही यावर डोळा ठेवायचा. साहेब आले नि गेले, भिंतींना तीनदा रंग लागला, पण धुमकांच्या टेबलावरून एकही पत्र बिनउत्तराचं सुटलं नाही. एकदा एका कागदावर नुसतं 'तुम्ही सगळे चोर आहात' एवढंच लिहून आलं होतं. त्यालाही 'आपल्या म्हणण्याची नोंद घेण्यात आली आहे' असं रीतसर उत्तर गेलं.

निवृत्तीनंतर डोंबिवलीच्या घरात बसलेला हा माणूस बायकोच्या, नयनकाकूंच्या, डब्यांना क्रमांक घालू लागला, तेव्हा त्यांनीच खटपट करून त्यांना पाटकोंड ग्रामस्थ मंडळाचं चिटणीसपद मिळवून दिलं. पाटकोंड कोकणात. त्याची तीनशे बारा घरं मात्र खडवलीपासून ठाण्यापर्यंत विखुरलेली. मंडळाची मेलपेटी धुमकांच्या हाती आली आणि तिच्यासोबत या घरांची यादीही. कोण कुठे राहतं, फोन नंबर काय, कुणाच्या घरी म्हातारं माणूस एकटं असतं, सगळं त्यात. लोकांनी ते भिवाच्या भरवशावर सोडलं होतं.

धुमकांनी मेलसाठीही नोंदवही घातली. पहिल्याच आठवड्यात शर्टांवर निम्मी सूट देणारा मेल आला. त्याला त्यांनी कळवलं, की मंडळास तूर्त शर्टांची आवश्यकता नाही, भासल्यास कळविण्यात येईल. मग परदेशातल्या एका विधवाबाईंनी नवऱ्याचे कोट्यवधी सांभाळायला कुणी भला माणूस हवा, असं लिहिलं. धुमकांनी पैशाचा विषय नम्रपणे बाजूला ठेवून शोकसंदेश पाठवला.

"आता बाराव्याला जाऊन या," नयनकाकू म्हणाल्या.

दोन महिन्यांत रोजचे पाच मेल दीडशेवर गेले. त्या ढिगाखाली खडवलीच्या एका घराचं लग्नाच्या हॉलसाठी आलेलं पत्र आठ दिवस पडून राहिलं आणि हॉल हातचा गेला. तेव्हा मंडळाचा सहचिटणीस दिपेश कल्याणहून आला. वय सत्तावीस, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी, बोलणं गोड.

"काका, हे सगळं स्पॅम आहे. तुम्ही उत्तर दिलं की त्यांना कळतं, घरात माणूस आहे."

"माणूस आहेच की," धुमक म्हणाले.

दिपेशने कपाळाला हात लावला नाही, हे त्याचे संस्कार. पण रविवारच्या सभेत मेलपेटी काकांकडून काढून घेण्याचा ठराव मी मांडणार आहे, हेही त्याने तोंडावर सांगितलं. काका कामाला संथ आहेत आणि फसवे मेल त्यांना ओळखू येत नाहीत, हे त्याचं म्हणणं. धुमक 'ठीक' म्हणाले. त्या दुपारी ते झोपले नाहीत. धुमकांच्या दुपारच्या झोपेवर शेजारची माणसं घड्याळं लावत, त्यामुळे गोष्ट साधी नव्हती. मेलपेटी गेली तर उरणार काय? भाजीची पिशवी.

गुरुवारी साडेदहाला मंडळाच्या अध्यक्षांचा, सुदेश शिगवणांचा, मेल आला. 'मी महत्त्वाच्या मीटिंगमध्ये आहे. फोन करू नका. सर्व घरांची यादी फोन नंबरांसह एका तासात पाठवा. अत्यंत तातडीचे.'

धुमकांना हुरूप आला. संथ म्हणतो काय! दहा मिनिटांत यादी जोडून झाली, वर 'माननीय अध्यक्षांच्या सेवेशी सविनय सादर' असं पत्र चढलं. आता फक्त बटण दाबायचं होतं. आणि तिथेच बोट थबकलं. मंडळाचा कोणताही कागद अध्यक्षांच्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही, हा नियम. नियम केला होता खुद्द धुमकांनी. कागद कुणाकडे जातोय हा प्रश्नच वेगळा. अध्यक्षांकडे जाणाऱ्या कागदावरही अध्यक्षांची सही हवीच.

फोन करायचा नाही, असा आदेश होता. तो त्यांनी पाळला. पण प्रत्यक्ष येऊ नका, असं कुठे लिहिलं होतं? त्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून पत्र छापून घेतलं आणि इस्त्रीचा सदरा चढवला. तासाभरात मागितलंय ना, असं नयनकाकूंनी आठवण करून दिल्यावर, अत्यंत तातडीचं म्हणजे सात दिवस, असा सरकारी खुलासा करून, लोकलच्या गर्दीत इस्त्री मोडू नये म्हणून, ते उलटे कल्याणला गेले आणि ठाण्याच्या एसटीत बसले.

एसटी माजिवड्याला अडकली. तास केव्हाच उलटला होता. तेवढ्यात फोनवर दुसरा मेल आला: 'अजून यादी का नाही? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.' हे वाक्य धुमकांना काळजाला लागलं. उभ्या नोकरीत त्यांना असा शेरा मिळाला नव्हता. रविवारी दिपेश हेच वाचून दाखवणार. यादी फोनमध्येही होती. इथूनच पाठवता आली असती. त्यांनी फोन उघडला, यादीवर बोटही नेलं. मग मांडीवरच्या पत्राकडे पाहिलं. सहीची जागा कोरी. त्यांनी फोन खिशात टाकला आणि डोळे मिटून शिक्षा झाल्यासारखे बसून राहिले.

सुदेश शिगवणांचं खोपटला डेपोजवळ चष्म्याचं दुकान. ते एका आजींच्या नाकावर फ्रेम बसवत होते. हीच ती महत्त्वाची मीटिंग असावी, असं समजून धुमक आजी जाईपर्यंत बाहेर उभे राहिले. मग त्यांनी कागद पुढे ठेवला.

"भाऊ, हे काय?"

"तुमच्या पत्राचं उत्तर. सही करा, म्हणजे तुम्हाला पाठवतो."

"मी पत्र कुठे लिहिलं? मेल माझी मुलगी बघते. आणि यादी मला कशाला? मी गावातल्या सगळ्यांना ओळखतो."

शिगवणांनी धुमकांचा फोन घेऊन मेलमधल्या स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. नावाखाली दडलेला पत्ता उघडला. सुदेशही नाही, शिगवणही नाही. टाइपरायटरवरून मांजर चालत गेल्यासारखी अक्षरं. धुमकांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. ते डोळे तपासायच्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ समोरच्या तक्त्याकडे बघत राहिले.

रविवारी सभेत शिगवणांनी सगळी हकिकत सांगितली. दिपेश प्रामाणिक पोरगा. त्याने ठराव तरीही मांडला. म्हणाला, नावाखालचा पत्ता बघायला दोन सेकंद लागतात. घाई करा, फोन करू नका, रागावेन, या तर फसवणाऱ्यांच्या ठरलेल्या खुणा.

"आणि काका, तुम्ही तीन तास घालवलेत."

"तीन तास गेले," धुमक म्हणाले. "यादी गेली नाही."

मागच्या खुर्चीवरून खडवलीच्या हौसाबाई उठल्या. त्या घरात एकट्या राहत, आणि यादीत तशी नोंद होती.

"माझा नंबर भिवाकडंच राहू दे. पण भिवा, त्या शर्टवाल्यांशी बोलणं बंद कर बाबा."

ठराव तसाच झाला. मेलपेटी धुमकांकडे, अनोळख्यांना उत्तर बंद, आणि दर शनिवारी दिपेश येऊन कचरा वेगळा करणार. उत्तर बंद म्हटल्यावर धुमकांचा चेहरा पडला, पण त्यांनी हात वर केला.

चहा यायला उशीर होता. धुमकांनी दिपेशला शेजारी बसवून नावाखालचा पत्ता कसा बघायचा ते विचारून घेतलं. एकदा, दोनदा, पाच मेलांवर. मग ते उठून हौसाबाईंकडे गेले आणि तेच त्यांना शिकवू लागले. हौसाबाईंचा फोन बटणांचा, त्यांना मेल कधीच येत नसे. तरी त्यांनी सगळं मन लावून ऐकलं आणि एक शंकाही विचारली.