भिंतीकडे तोंड केलेला माणूस

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. अण्णाला नाही, आईला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा दुसरंच काहीतरी पुटपुटून बाहेर आले — देवाला काय, माहीतच असणार, असं म्हणून सुटका करून घेतली. तुम्हाला माहीत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

पण एकदम सांगता येईल असं वाटत नाही. आधी थोडं इकडचं तिकडचं बोलू द्या.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमचं चांदीच्या दागिन्यांचं दुकान आहे. नवऱ्याशी पटेना म्हणून मी माहेरी परत आले, तेव्हा अण्णाने एक प्रश्न विचारला नाही. दुकानात एक खुर्ची टाकली आणि म्हणाला, "शैले, बस हितं. फोटू काढ, इंग्रजी बोल, काय विकायचं ते वीक." मी फोटो चांगले काढते. ही बढाई आहे, असू दे — पुढचं सगळं ह्या बढाईतूनच झालं. काळ्या पाटावर पैंजण ठेवायचं, खिडकीतला कोवळा उजेड तिरका घ्यायचा, की चांदी बोलायला लागते. परदेशातल्या बायका त्या फोटोंवर जीव टाकायच्या. दुकानाचं इन्स्टाग्रामचं पान जगभरातली हजारो अनोळखी माणसं बघायची, आणि मला वाटायचं, ती मलाच बघतायत.

परदेशातून पैसे यायला फार कटकट व्हायची. तेव्हा बाजारात एका कंपनीचं नाव ऐकू येऊ लागलं. गिऱ्हाइकाने क्रिप्टोत पैसे द्यायचे, कंपनीने मध्ये राहून ते आमच्या मोबाइलमधल्या पाकिटात पोचवायचे. त्या कंपनीचा कोल्हापुरातला माणूस म्हणजे संतोष. राहायला कागलला. आधी तिथल्या एमआयडीसीत फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कामाला होता, मग ह्या कामात आला. दुकानोदुकानी मोटारसायकलवरून फिरायचा. चहा घेतल्याशिवाय उठायचा नाही आणि नसलेली गोष्ट आहे म्हणून सांगायचा नाही. बोलबच्चन एजंट आम्ही पैशाला पासरी बघितले होते, म्हणून हा जरा वेगळा वाटला.

आता ते शब्द. पाकिटाची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द, ठरलेल्या क्रमाने. ते ज्याच्याकडे, पैसे त्याचे. दुसरं कुलूप नाही, सही नाही, दाद मागायला मॅनेजर नाही. कंपनीकडेही ते शब्द नसतात. संतोषने अण्णाला बजावलं होतं, "शब्द गेलं की पैसं गेलं. मग मी न्हाय, कंपनी न्हाय, कोणबी काय करू शकत न्हाय." मला त्या वेळी अंगावर काटा आला होता, खरंच. एवढ्या कमाईची राखण बारा शब्दांनी करायची — मंत्राला घाबरावं तशी मी त्या शब्दांना घाबरले.

पाकीट काढलं त्या दिवशी अण्णा गिऱ्हाइकात गुंतलेला. आतल्या खोलीत मी आणि संतोष. शब्द पडद्यावर यायच्या आधी तो म्हणाला, "अक्का, लिहून घ्या, मला दावू नका." आणि उठला, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा, हात मागे बांधून. मला हसू फुटलं. म्हटलं, अहो, बघितलं तर काय होतंय? तो भिंतीशीच बोलला — "एकदा बघितलं की न बघितल्यागत करता येत न्हाय, अक्का."

मी सावकाश लिहीत होते. मुद्दामच, त्याची गंमत करायला. तो वळला नाही.

अण्णाचा कागदावर विश्वास नव्हता. कागद भिजतो, उंदीर खातात. त्याने चांदीचा पातळ पत्रा घेतला आणि वडिलांच्या छिन्नीने स्वतःच्या हाताने ते शब्द त्यावर कोरले — कारागिरालासुद्धा दाखवले नाहीत. कागद जाळला. पत्रा तिजोरीत देवाच्या टाकांबरोबर, लाल फडक्यात. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला अण्णा म्हणाला, चोपड्या मांडतो तसा हाही मांडायचा, आता लक्ष्मी ह्याच वाटेनं येती. मला ते पटलं. चांदीच्या धंद्यातली माणसं आम्ही — चांदीवर अक्षरं कोरलेली आणि त्याची पूजा करायची नाही, असं कसं होईल?

पत्रा मी घासला. चिंच लावून, मग विभूतीने. शब्दांच्या खाचांत काळं राहिलं होतं तेवढं राहू दिलं, त्यामुळे अक्षरं उठून दिसायला लागली. चोपड्यांना टेकून उभा केला, समोर समई, बाजूला झेंडू. विभूतीची तीन बोटं ओढली ती वरच्या कोपऱ्यात — अक्षरं झाकली जाऊ नयेत म्हणून. बघा, एवढं माझं लक्ष होतं! समईचा उजेड पत्र्यावर असा पडला की मी दिपून गेले. मी तोवर काढलेल्या फोटोंत तो सगळ्यांत चांगला होता.

तो मी दुकानाच्या पानावर टाकला. व्हॉट्सॅपच्या स्टेटसलाही टाकला.

शब्द दाखवू नयेत हे माहीत नव्हतं का? होतं. पण त्या क्षणी ते शब्द नव्हतेच माझ्या लेखी, ते नक्षीकाम होतं. आणि हे मी सबब म्हणून सांगत नाही, कारण ह्याहून वाईट पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी पाडवा. आम्ही दुकान उघडून पाणी मारत होतो, तेवढ्यात संतोष आला. कुणी बोलावलं नव्हतं. हेल्मेटसुद्धा न काढता आत शिरला. "अण्णा, आधी पाकीट उघडा. पैसं दुसरीकडं हलवा, आत्ताच्या आत्ता." मी मोबाइल उघडला. पाकीट रिकामं होतं.

अण्णा खाली बसला. दोन दिवाळ्यांमधली परदेशातली सगळी कमाई होती ती. संतोषने त्याच्या मोबाइलवर एक पान काढून दाखवलं — आमच्या पाकिटातून पैसे निघून अक्षर-आकड्यांच्या कुठल्याशा लांबलचक पत्त्यावर गेल्याची नोंद. तो पत्ता कुणाचा, हे जगात कुणाला कळत नाही. पण नोंद मात्र साऱ्या जगाला दिसते, आणि ती कुणालाच पुसता येत नाही, चोरालासुद्धा. मी घाबरले. चोरीमुळे नाही — त्या नोंदीमुळे. माणसाने केलेलं असं उघड्यावर, कायमचं राहतं, हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते.

मग अण्णाने मान वर केली. "पर तुला कसं कळलं रं?"

संतोषने माझ्याकडे पाहिलं. निमिषभरच. आणि म्हणाला, "असंच. काळजी वाटली."

मी माडीवर गेले आणि स्टेटस उघडलं. फोटो मोठा केला. बाराच्या बारा शब्द वाचता येत होते. खाली, कुणी कुणी बघितलं त्या नावांमध्ये संतोषचं नाव होतं — सकाळी बघितलेलं. अण्णा स्टेटस बघत नाही, बाकीच्यांना ती नुसती पूजा वाटली असणार; संतोष मात्र तो फोटो बघून उठला होता आणि आम्हाला सावध करायला कागलहून धावत आला होता. मी फोटो पुसला, पानावरचाही पुसला. खाली येऊन विचारलं, अण्णा, चहा टाकू का?

मग जे व्हायचं ते झालं. बाजाराला चोर लागतो, आणि समोर होता तोच धरला. ज्याने पाकीट काढून दिलं, ज्याला न सांगता चोरी कळली, तो सोडून दुसरा कोण? अण्णा पोलिसांत गेला, त्यांनी अर्ज ठेवून घेतला. कंपनीला तक्रार करायची तर इंग्रजी कुणाला येतं? मला. तक्रार मी लिहिली. संतोषचं नाव मी टाइप केलं, एक अक्षर चुकू न देता. कंपनीचं उत्तर सरळ होतं — शब्द आमच्याकडे नसतात, ते तुमच्याकडून बाहेर गेले असणार, तपासा. अण्णाने विचारलं, काय म्हणत्यात? मी सांगितलं, हात वर करत्यात. थोड्याच दिवसांत कंपनीने संतोषला काढून टाकलं, आणि बाजार म्हणाला, बघा, त्यांनाबी कळलं.

आमच्याकडे वाद मिटेना की जोतिबाच्या पायरीवर गुलाल उचलायला लावतात. गुलाल हातात घेऊन खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही. संतोष लगेच तयार झाला. आम्ही डोंगरावर गेलो — अण्णा, मी, बाजारातले पाचसहा जण, आणि ज्यांना सगळे मामा म्हणतात ते जुने सराफ. संतोषची बायको खालच्या पायरीवर पदर घट्ट धरून उभी होती. "चांगभलं"चा गजर चालला होता, पायऱ्या, भिंती, माणसं, सगळं गुलाबी.

मामा सांगतील तसं म्हणायचं, असं ठरलं. संतोषने ओंजळीत गुलाल घेतला.

"मी पैसं घेतलं न्हाईत." तो स्वच्छ आवाजात म्हणाला.

"कुणाला घ्यायला सांगितलं न्हाईत." तेही म्हणाला.

"ते शब्द मी कधी बघितलं न्हाईत," मामांनी पुढचं सांगितलं.

मामांनी पुन्हा म्हटलं. त्याच्या बोटांमधून गुलाल झिरपत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही — पाहायचं नाही असं ठरवून तो शिखराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एवढं मला म्हणता यायचं न्हाय, मामा."

कळतंय ना तुम्हाला? त्याने शब्द बघितले होते. माझ्या फोटोत. हातात गुलाल असताना त्याला खोटं बोलता येईना. आणि खरं बोलायला एक वाक्य पुरे होतं — अक्कांनी फोटो टाकला त्यात बघितलं. त्या एका वाक्याने तो सुटला असता आणि मी बुडाले असते. ते वाक्य त्याने गिळलं. कुणासाठी? मी त्याची कोण लागत होते? तो भिंतीकडे तोंड करून उभा असताना हसणारी बाई. मला आजही त्याचं उत्तर माहीत नाही. मला फक्त एवढं आठवतं की मी देवळाकडे पाठ करून त्या माणसाकडे बघत होते.

"बघा! बघा!" असा एकच गलका झाला. अण्णा वळला. त्याला अजून आशा होती बहुतेक, संतोष त्याला आवडायचा. "शैले, पाकीट काढताना तू हुतीस की. ह्यानं शब्द बघितलं का गं?"

आता आले मी तिथे, जिथे यायचं होतं.

मी म्हणाले, "आठवत न्हाय, अण्णा."

एवढंच. अण्णाने संतोषच्या हातांवर फटका मारून गुलाल उधळून टाकला. तो खाली बायकोजवळ गेला, तिच्या खांद्यावर पडलेला गुलाल त्याने झटकला, आणि दोघं पायऱ्या उतरून गेली. बाजाराने पुन्हा त्याला दारात उभं केलं नाही.

मला भीती कशाची होती? अण्णाने दिलेली खुर्ची जाईल ह्याची. पण खुर्ची अण्णाने न विचारता दिली होती, तो ती काढून घेणारा माणूस नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून भीतीचं कारणही पुढे करता येत नाही.

तो पत्ता मी अजून उघडून बघते. ज्याने पैसे नेले त्याने ते तिथून हलवलेलेच नाहीत. का, कोण जाणे. सगळ्या जगाला दिसतील असे पडून आहेत, आणि कुणाला हात लावता येत नाही.

ह्या वर्षी एका कामासाठी कागलच्या एमआयडीसीत गेले होते. एका फौंड्रीच्या फाटकाशी संतोष दिसला, कामगारांच्या कपड्यात, केस पिकायला लागलेले. मी तोंड वळवणार तोच त्याने हाक मारली. "अक्का, बरं हाय न्हवं? अण्णा कसं हाईत?" मी म्हटलं, बरं आहे. मग त्याने विचारलं, "फोटू काढता का अजून?" मी त्याच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता. काढते, म्हणाले. "काढा की. चांगलं काढता तुम्ही." भोंगा झाला आणि तो आत गेला. तेव्हाही मी काही बोलले नाही. फाटक बंद होईपर्यंत वेळ होता.

जोतिबाच्या पायरीवर मला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर हे आहे. शब्द पडद्यावर आले तेव्हा संतोष भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी सावकाश लिहीत होते. तो एकदाही वळला नाही. मला सगळं आठवतं.