ग्राइंडरवरचं कुंकू

"माझ्या हातून माणूस मेला," असं नाना कुणालाही सांगायचे. पहिल्यांदा घरी आलेल्या जावयालासुद्धा.

आज सकाळी नाना गेले. माझे सख्खे काका.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी धुळ्याला पारोळा रोडवर नाना आणि भिलाभाऊ यांचं पार्टनरशिपमधलं छोटं वर्कशॉप होतं. वखराच्या पासांना, म्हणजे लोखंडी पात्यांना, धार, ट्रॉलीची वेल्डिंग, शेतीची असली कामं.

दसऱ्याला अवजारांची पूजा. नाना भारी हौशी. त्या वर्षी त्यांनी ग्राइंडरचा दगड काढला, बादलीत बुडवून ठेवला, देव घासावा तसा घासला. ओलाच परत बसवला. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली.

दगडावरचं लोखंडी झाकण, गार्ड, तेवढं लावलं नाही. कुंकू झाकलं गेलं असतं ना.

पूजा झाली की मुहूर्त म्हणून मशीन एकदा चालवायची पद्धत. माळ काढून भिलाभाऊ पास घेऊन उभे राहिले.

"भाऊ, गार्ड लावानं ऱ्हायनं," ते नानांना म्हणाले.

"ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "देवनं काम शे, काय व्हस?"

मी तेव्हा कॉलेजात होते. पेढे वाटायला आले होते.

दगड फुटला.

आजही शेजारी कुणी टाइल्स कापायला लागलं की मी खिडक्या लावून घेते. तरी आवाज येतोच.

भिलाभाऊ दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत.

नंतर कुणीतरी समजावलं. पाण्यात ठेवलेला दगड पाणी पितो, एका बाजूनं जड होतो, स्पीड घेतला की फुटतो. गार्ड असतं तर तुकडे बहुतेक आतच अडले असते.

एवढं साधं. मला अजून राग येतो. कुंकवाचा नाही, त्या "काय व्हस"चा.

नानांनी वर्कशॉप विकलं. पण रस्त्यात कुठे कटर चालू दिसला की थांबायचे. "गार्ड कुठंय?" पोरं हसायची, एखादा शिवी हासडायचा. माझ्या घराच्या ग्रिलचं काम चालू होतं तेव्हा तर सरळ प्लग उपटला. वेल्डर दिवसभर रुसून बसला.

जगाला हटकणारा हा माणूस एका दारात मात्र कधी गेला नाही.

भिलाभाऊंची बायको, सुमनअक्का. दोन गल्ल्या सोडून राहायच्या. दिवाळीला फराळाचा डबा नाना माझ्या हाती द्यायचे आणि स्वतः कोपऱ्यावर पाठ करून उभे राहायचे.

अक्का विचारायच्या, "नाना नही उनात?"

मी सांगायचे, गावाला गेलेत.

आज अक्का आल्या. काठी टेकत. नानांच्या उशाशी बसल्या. बायकांचं रडणं जरा थांबलं.

"भाऊ, मी तुमले कधीच दोस दिधा नही. तुम्ही कधी इचाराले उनातच नही."

मग त्यांनी नानांच्या कपाळावरून हात फिरवला.

अक्का दोष देतील म्हणून नाना जन्मभर घाबरले, आणि हे एक वाक्य ऐकायचं राहून गेलं.

जा नाना, सुखानं जा.
तिकडे भिलाभाऊ भेटले तर तोंड चुकवू नका.