अक्कानं दार लावून घेतलं नाही

रूपालीचा फोन आला तेव्हा मी डबे भरत होते. एरवी ती "मावशी, कशी हायेस?" असं विचारल्याशिवाय पुढं बोलत नाही. त्या सकाळी नुसतंच म्हणाली, "मावशी, आई उठंना गं..." डॉक्टरांना बोलावलं का, तोंडावर पाणी मारलं का, असं काहीबाही मी विचारत राहिले. पण तिच्या आवाजावरून मला सगळं कळलं होतं. माझी थोरली बहीण शकुंतला, आम्हा भावंडांची अक्का, झोपेतच गेली होती.

चिंचवडहून राजुरीला पोहोचले तोवर अंगण माणसांनी भरलं होतं. माहेरची मंडळी महाळुंगे पडवळहून आली होती, भावकी जमली होती, शेजारच्या बाया अक्काभोवती बसल्या होत्या. त्या गर्दीपासून बाजूला, शेजारच्या भिंतीला टेकून एक तिशीतला माणूस उभा होता. बूट काढून ठेवलेले, हातात हेल्मेट, मान खाली. आमच्या चुलतभावानं दाजींना, म्हणजे अक्काच्या मालकांना, विचारलं, "हे पावणं कोण?" दाजी काठीवर रेलून उभे होते. म्हणाले, "सचिन. फायनान्सचा... वसुलीवाला." चुलतभावाचा चेहरा एकदम कठीण झाला. "आजच्या दिवशी बी आलं व्हय हे?" दाजींनी मान हलवली. "तसा नाय आला त्यो. खांदा द्यायला आलाय."

आणि त्यानं खांदा दिलाही. वेशीपासून पुढं पार ओढ्यापर्यंत. त्याला काही आठवडे झाले, पण दाजींचं ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. कर्ज थकलं की माणसं दाराला कुलूप लावून रानात जाऊन बसतात, फोन बंद करतात, पोरांना सांगायला लावतात की घरी कुणी नाही. तसं करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. दारात मोटारसायकल थांबली की घरातली माणसं कशी होतात, ते मी अक्काच्या घरी बघितलंय. पण माझ्या बहिणीनं दुसरं काहीतरी केलं, आणि ते कुठंतरी लिहून ठेवावं असं मला वाटतं.

लहानपणापासून अक्काचा आवाज मोठा. महाळुंग्याला आमच्या मळ्यात ती बांधावरून हाक मारायची आणि ओढ्यापलीकडची माणसं वळून बघायची. लग्न ठरलं तेव्हा आईनं तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, "सासरी जरा हळू बोलत जा." अक्का हो म्हणाली आणि तशीच बोलत राहिली. दाजी मात्र अगदी मुखदुर्बळ. ते दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. पुढं स्वतःची पिकअप घेतली, कर्ज काढूनच. आसपासच्या शेतकऱ्यांचा भाजीपाला भरायचा आणि वाशीच्या मार्केटला पोहोचवायचा. धंदा बरा चालला होता. हप्ता वेळेवर जात होता. रूपाली कॉलेजात शिकत होती. मग एकदा मार्केटात क्रेट उतरवताना दाजींचा पाय घसरला, ते पिकअपच्या हौद्यातून खाली सिमेंटवर पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पाय आखूड झाला तो झालाच. गाडीवर ड्रायव्हर ठेवून बघितला. त्याचा पगार, डिझेल आणि गाडीची दुरुस्ती यातून हप्त्यापुरतं काही उरेना. एक हप्ता चुकला, मग दुसरा, आणि मग दारात मोटारसायकल येऊन उभी राहिली.

त्या पहिल्या दिवसाचं रूपालीनं मला नंतर सांगितलं. दोघं जण होते. एक जाडजूड, वयानं मोठा, आणि मागे सचिन. मोठा माणूस गाडीवरून उतरलाच नाही. रस्त्यावरून, इंजिन चालू ठेवूनच ओरडला, "आहेत का मालक घरात? का पळाले?" आळीतल्या सगळ्या दारांत माणसं उभी राहिली. दाजी आतल्या खोलीत गेले आणि पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसले. अक्का पदरानं हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "आधी ती गाडी बंद करा. मला ऐकू येत न्हाई." त्यानं बंद केली. तिनं ओट्यावर दोन खुर्च्या टाकल्या, पाण्याचा तांब्या ठेवला. "आता बोला. हळू बोला म्हणत नाय मी. लोकांना ऐकू द्या, त्यास्नी कवा ना कवा कळणारच हाय. पर नीट बोला. एकेरीवर यायचं न्हाई." तो मोठा माणूस खुर्चीवर बसला नाही. सचिन मात्र बसला आणि पाणी प्यायला. अक्कानं त्याला विचारलं, "तू कुठला रं?" तो म्हणाला, "वरचा. डिंभे धरणाच्या पलीकडचा." "मग भात असंल तुमचा." "हाय थोडा." वसुलीला आलेल्या माणसाशी भाताबद्दल बोलणारी बाई त्यानं आधी बघितली नसावी.

पण एवढ्यानं काही सोपं झालं नाही. फोन सुरू झाले. सकाळी, दुपारी, जेवताना. मग नातेवाइकांना फोन गेले, आणि त्यातला एक मला आला. ऑफिसात सगळ्यांसमोर एक अनोळखी आवाज मला सांगत होता, "तुमच्या बहिणीला जरा समज द्या, गाडी उचलायची वेळ आणू नका." मला तोवर काहीच माहीत नव्हतं. मी जिन्यात जाऊन अक्काला फोन लावला. "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "सांगून काय व्हणार व्हतं? मी झोपत न्हाई, तू बी झोपली नसतीस." माझ्याकडून जमेल तेवढी मदत मी केली, ती तिनं घेतली, पण त्यातून एखाद-दुसरा हप्ताच निघाला.

मग तो रविवार. रूपालीला बघायला आणे गावाहून पाहुणे यायचे होते. मुलगा चाकणला कंपनीत, घरी जमीन, माणसं चांगली. मी आदल्या दिवसापासूनच मदतीला गेले होते. पाहुणे आले, बसले, ओळखीपाळखी निघाल्या. मुलाचे मामा मोठे बोलके होते. त्यांनी आल्या आल्या दाजींच्या पायाची चौकशी केली, आणि दाजीसुद्धा बऱ्याच दिवसांनी दोन वाक्यं सलग बोलले. रूपाली पोहे देऊन आत आली, तिचे कान लाल झाले होते. मुलगा तिला आवडला होता, हे मला तिच्याकडं बघूनच कळलं. मी चहाचा ट्रे उचलला आणि बाहेर मोटारसायकल थांबली.

सचिन एकटाच होता. दारातल्या चपला, बैठकीत बसलेली माणसं, पोह्यांच्या बशा बघून तो उंबऱ्यातच थबकला. मुलाच्या मामांना वाटलं, घरातलाच कुणी. "या, या पावणं, बसा." सचिननं एकदा दाजींकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. म्हणाला, "नाय... मी असाच, गाडीचं बघायला आलो व्हतो. नंतर येतो." तो वळलासुद्धा होता. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. देवासारखा वागला, असं मनात म्हटलं. तेवढ्यात आतून अक्का आली.

"थांब, सचिन."

तिचा आवाज त्या दिवशी मोठा नव्हता. ती पाहुण्यांसमोर खाली सतरंजीवर बसली. म्हणाली, "हे फायनान्सकडून येत्यात. गाडीच्या कर्जाच्या वसुलीला. मालकांचा खुबा मोडल्यापास्नं आमचं हप्ते थकल्यात. आमी बुडवणार न्हाई, फेडणार हाय. पर तुमी पोरगी बघायला आलाय, तर ह्ये तुमाला आधी म्हाईत पायजे." दाजींनी मान खाली घातली. मुलाच्या आईनं हातातली बशी हळूच जमिनीवर ठेवली. शेवटी मामा म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत." मी चहा दिला, तो सगळ्यांनी प्यायला. जाताना म्हणाले, "कळवतो." त्यांचा फोन कधीच आला नाही.

पाहुण्यांची गाडी गेली तरी सचिन फाटकापाशी उभा होता. मला म्हणाला, "मावशी, मी सांभाळून घेत व्हतो ना... त्यांनी का सांगितलं?" आत रूपाली साडी न बदलताच भांडी घासायला बसली होती आणि आईनं जवळ ठेवलेल्या पाण्याच्या बादलीला ती हात लावत नव्हती. पुढं कितीतरी दिवस ती आईशी कामापुरतंच बोलली. एकदा न राहवून तिनं विचारलं तेव्हा अक्का म्हणाली होती, "लगीन झाल्यावर त्यांना कळलं असतं, तर त्ये तुला रोज ऐकावं लागलं असतं. आता मला एकदाच ऐकावं लागलं." रूपाली म्हणते, तेव्हा तिला ते मुळीच पटलं नव्हतं.

सचिन त्यानंतर आला तो वेगळंच बोलायला. ओट्यावर बसून, आवाज खाली घेऊन म्हणाला, "अक्का, गाडी आमी उचलली तर लिलावात मातीमोल जाईल, आणि वरची बाकी तुमच्याच अंगावर राहील. तुमीच गिऱ्हाईक बघा. मी शाखेत बोलतो." त्यानं तिला पहिल्यांदाच अक्का म्हटलं होतं. अक्का दाजींच्या ऑपरेशनची कागदपत्रं घेऊन शाखेत गेली. साहेब भेटले नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी गेली. भेटले पण ऐकेनात, म्हणून परत गेली. शेवटी गाडी विकायला मुदत मिळाली. दाजींना ते फार जड गेलं. गिऱ्हाईक न्यायला यायच्या सकाळी त्यांनी स्टूल मागितलं, त्यावर बसून, सरकत सरकत पिकअप धुतली. चाकंसुद्धा. अक्का नळी धरून उभी होती. राहिलेली बाकी अक्कानं वखारीत कांदे निवडायला जाऊन फेडली. तिचे हात त्या काळात कायम कांद्याच्या वासाचे असत.

मला वाटायचं, अक्का घाबरतच नाही. ती गेल्यावर रूपालीनं सांगितलं की वसुलीवाले येऊन गेले की आई मागच्या गोठ्यात जायची आणि म्हशीच्या पाठीला हात लावून नुसती उभी राहायची. बीपीच्या गोळ्या तेव्हाच सुरू झाल्या. हे तिनं मला फोनवर कधी सांगितलं नाही. उलट, कर्ज फिटल्यावर ती आळीत दुसऱ्यांच्या घरी जायला लागली. कुणी बचत गटातून कर्ज उचललेलं, कुणी मोबाईलवरून, कुणी म्हशीसाठी. ज्या घरी वसुलीवाले यायचे, त्या घरची बाई अक्काला हाक मारायची आणि अक्का हातातलं काम टाकून जायची. ती भांडायची नाही. नुसती त्या बाईच्या शेजारी बसायची. म्हणायची, "दार लावू नगंस. त्याचं वळखपत्र बघ. द्यायचं हाय त्ये दे म्हण, पर शिवी ऐकून घेऊ नगंस. शिवी दिली तर दोघी मिळून शाखेत जाऊ." मी एकदा म्हटलं, अक्का, हे उद्योग कशाला? ती म्हणाली, "अगं, तवा माझ्या शेजारी कुणी बसलं असतं, तर मला लई बरं वाटलं असतं." एवढंच.

रूपाली आता गावातल्या दूध डेअरीत कॉम्प्युटरवर काम करते. लग्न अजून ठरलेलं नाही. आईशी तिचं बोलणं कधी पूर्ववत झालं, असं विचारलं तर तिला नेमकं सांगता येत नाही. गेल्या दिवाळीत मात्र मी दोघींना ओट्यावर एकमेकींच्या केसांना तेल लावताना, कशावरून तरी हसताना बघितलं होतं. अक्काची माझी तीच शेवटची भेट.

दहावा झाला. पाहुणे पांगले. मी मागे राहिले होते. दुपारी रूपाली आणि मी पेटी उघडून अक्काच्या साड्यांच्या घड्या घालत होतो. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. दाजी बाहेर पडवीत पडले होते. तेवढ्यात मागच्या आळीतली मंगल जवळजवळ धावतच फाटकातून आत आली. "अक्का, अगं त्ये आल्यात..." असं म्हणाली आणि आम्हाला बघून तिनं पदर तोंडाला लावला. "आता गं बाई... मला काय झालंय... तोंडात तेच नाव आलं." तिचा मालक कामावर होता आणि दारात दोघं वसुलीवाले येऊन उभे होते. "जाऊ दे. तुमच्या घरात दुःख हाय, आन् मी..." असं म्हणत ती परत वळली.

रूपालीनं हातातलं टोक माझ्या हातात दिलं. "थांब काकू," ती म्हणाली, आणि चपला घालून तिच्याबरोबर गेली.

मी तशीच बसून राहिले. मागच्या आळीतून आरडाओरडा ऐकू येईल म्हणून कान देऊन होते. काही आलं नाही. रूपालीचा आवाज तसाही आईसारखा नाही, बारीक आहे. दाजींनी पडवीतून विचारलं, "कुठं गेली?" मी म्हटलं, "मंगलकडं." थोड्या वेळानं बघितलं तर ते उठून बसले होते आणि रस्त्याकडं बघत होते.

बऱ्याच वेळानं ती परत आली. माठातलं पाणी प्यायली, तोंड पुसलं. "मुदत मागितलीय. उद्या काकूला घेऊन शाखेत जायचंय," एवढंच म्हणाली, आणि माझ्यासमोर बसून तिनं साडीचं तिचं टोक पुन्हा हातात घेतलं.