मऊ तळवे

मिठागरात राबून काळुरामचे तळपाय पार फुटलेले. बायजाबाई वीस वर्षं रोज सांजचं त्या भेगांत कोकमतेल जिरवायची. ९४ सालच्या चैत्रात तो खाडीत हरवला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. तोच चेहरा, तोच आवाज. तिनं पाय मांडीवर घेतला, तर तळवा लोण्यासारखा मऊ.

खाडीतला जीव माणूस खाऊन त्याचंच रूप घेतो, असं सासू सांगायची.

"नमे," तिनं लेकीला हाक मारली, "काकीकडनं वाटीभर मीठ आण गो."

दाराआड मिठाच्या दोन गोण्या होत्या. पोरीनं गोण्यांकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि वाटी न घेताच गेली.

"पोर कदी येल?" त्यानं विचारलं.

"येल. आदी तेल जिरू द्या," म्हणत बायजाबाईनं त्याचे दोन्ही पाय घट्ट धरले.